तीनशे बारा अभिप्राय

९ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझे ५ तारखेचे पत्र काल दुपारच्या टपालाने मिळाले. शाळेतील सभेची जी हकिगत तू लिहिली आहेस, तीत तीन गोष्टी चुकल्या आहेत. त्या आधी दुरुस्त करतो, मग उत्तराकडे वळतो.

पहिली गोष्ट. सभा ४ तारखेला झाली, असे तू म्हणतेस. मुख्याध्यापिकाबाईंच्या पत्रात ३ तारीख आहे. बाई नोंदवही समोर ठेवून लिहितात आणि तू स्वयंपाकाच्या ओट्यावर लिहितेस; तेव्हा त्यांची तारीख मी ग्राह्य धरतो. दुसरी गोष्ट. 'साहेबांनी आपली वही फेकून दिली' हे तुझे वाक्य. कोणताही अधिकारी भर सभेत वही फेकीत नाही. त्यांनी ती मिटून बाजूला ठेवली. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. 'सगळे अभिप्राय मामांनीच लिहिले असं लोक म्हणतात', असे तू लिहितेस. अभिप्राय पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी लिहिले. मी ते शुद्ध केले आणि एका वहीत उतरवले. लिहिणे आणि उतरवणे यांत फरक आहे, हे तुला तरी मी सांगायला नको होते. तू सातवीत माझ्याच वर्गात होतीस.

घटनांचा क्रम तुझ्या पत्रात उलटसुलट झाला आहे, म्हणून तो नीट लावून देतो. पटसंख्या घटली असल्यामुळे आपली सरकारी माध्यमिक शाळा बंद करून ती नदीपलीकडच्या शाळेत विलीन करावी काय, असा प्रश्न शिक्षण कार्यालयाने डिसेंबरच्या आरंभी उपस्थित केला आणि पालकांचे व विद्यार्थ्यांचे लेखी अभिप्राय मागवले. एकूण ३१२ जणांनी छापील कागदावर ते लिहून दिले. त्यांतील बरेचसे वाचता येण्याजोगे नव्हते. एकाने तर कागद आडवा धरून लिहिला होता. ते जसेच्या तसे कार्यालयात गेले असते, तर जी शाळा अशी माणसे घडवते ती बंदच झालेली बरी, असे साहेबांना वाटले असते. म्हणून बाईंनी तो गठ्ठा बसने माझ्याकडे पाठवला. शाळा सोडून मला सोळा वर्षे झाली आणि आता मी मुलाकडे, दुसऱ्या गावी राहतो. तरी असे काम मीच करावे, असे त्यांना वाटले. मी पंधरा दिवस बसून ते केले. एकही काना-मात्रा चुकलेली नाही.

मूळ कागदांविषयी तू विचारले आहेस. ते वहीबरोबरच परत पाठवले आहेत. शाळेतच असतील.

फोनवर बोलू या, असे पुन्हा सुचवू नकोस. मला नीट ऐकू येत नाही आणि फोनवरच्या वाक्यांना शेवट नसतो.

तुझा,
मामा


१३ जानेवारी

मामा, नमस्कार.

ओट्यावर बसूनच लिहितेय. दुसरी जागा नाही. धुलाईघरातून सहाला सुटले, पुन्हा दहाला जायचंय, मधल्या वेळात हे पत्र.

तारीख तुमचीच खरी, जाऊ दे. पण मी त्या सभेत होते मामा, तुम्ही नव्हता. काय झालं ते ऐका.

साहेब वाईट माणूस वाटला नाही. चष्मा पुसला, वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागला. 'प्रस्तुत विद्यालय हे परिसरातील विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासाचे केंद्र आहे.' मग म्हणाला, हे कोणाचं? बाईंनी नाव सांगितलं. आमच्या गल्लीतली भाजीवाली उठली. म्हणाली, "साहेब, मी असं बोलले असते तर नवऱ्याने मला दवाखान्यात नेलं असतं." सगळे हसले. साहेब पण हसला. पुढचं वाचलं, ते गोदीतल्या क्रेनवाल्याचं निघालं. तो म्हणाला, "हे मी लिहिलंय? मग मी क्रेनवर काय करतोय? मला तुमच्या खुर्चीत बसवा की." परत हशा. मला पण हसू आलं मामा, खोटं कशाला सांगू.

मग साहेब म्हणाला, "हेच मी विचारतोय."

म्हणाला, तीनशे बारा माणसांचं मत एका अक्षरात आणि एका भाषेत असेल तर ते एका माणसाचं मत आहे. मला त्या एका माणसाचं मत नकोय. लोकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले कागद ३१ जानेवारीपर्यंत कार्यालयात आणा. नाही आणलेत तर अभिप्राय आलेच नाहीत असं धरून मी शाळा बंद करायची शिफारस करेन.

म्हणून शाळेत शोधाशोध चाललीय. शिपाईकाकांनी कोठीतली सगळी कपाटं रिकामी केली. जुने नकाशे निघाले, मोडका पृथ्वीगोल निघाला, ते कागद काही निघत नाहीत. तुम्ही कशात बांधून पाठवले होते? खोका होता का पिशवी? वर काही लिहिलं होतं का?

मामा, मला हे कागद पाहिजेत. शाळेसाठी म्हणून नाही, माझ्या पोरीसाठी. ती नववीत आहे. नदीपलीकडची शाळा दुपारची, सहाला सुटते, आणि इकडे यायची शेवटची बस साडेचारची. मी दोन पाळ्या करते, तिचे बाबा ट्रकवर. तिला आणायचं कोणी? तिच्या बाबांनी तर ठरवूनच टाकलंय. त्यांच्या मावसभावाचा बाटल्यांचा कारखाना आहे. म्हणतात, शाळा गेली की तिथे बसव, झाकणं लावायचं काम आहे, सावलीतलं आहे. सावलीतलं! मी म्हटलं मी पण सावलीतच आहे अठरा वर्षं.

लवकर लिहा.

तुमची,
भिंगरी


१७ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पुडके तपकिरी कागदाचे होते, वर सुतळी होती, दोन्ही बाजूंनी गाठ मारलेली. मूळ कागद तळाशी होते आणि वही त्यांच्यावर होती. यापेक्षा अधिक तपशील मला देता येणार नाही. शिपाई भला माणूस असला, तरी वस्तू जागच्या जागी ठेवण्याविषयी त्याची ख्याती कधीच नव्हती. एकदा त्याने दहावीच्या उत्तरपत्रिका घंटेच्या खोलीत ठेवल्या होत्या आणि आम्ही त्या दोन दिवस शोधत होतो, हे बाईंना आठवत असेल.

सभेतील हशाविषयी तू जे लिहिलेस, त्याने मला वेदना झाल्या, हे लपवीत नाही. भाजीवाल्या बाईंनी लिहिले होते: 'पोरगी घरी येऊन मला पाढे शिकवते. बंद करू नका.' यातून अधिकाऱ्याला काय बोध होणार? मी लिहिले: 'विद्यालयातील शिक्षणाचा लाभ कुटुंबातील प्रौढ सदस्यांपर्यंत पोहोचतो.' क्रेनचालकाचे वाक्य असे होते: 'मास्तर मारत नाहीत पण शिकवतात पण कमी तरी असू द्या.' या एका वाक्यात बाजूने आणि विरुद्ध अशी दोन्ही मते आहेत आणि एकही स्वल्पविराम नाही. मी त्यातील बाजूचे मत ठेवले. तुझ्या मुलीने मुलींच्या स्वच्छतागृहाविषयी असे काही लिहिले होते, जे परक्या पुरुषाने वाचावे असे मला वाटले नाही. तेथे मी 'भौतिक सुविधांत सुधारणेस वाव आहे' असे शब्द घातले. मी कोणाचे मत बदलले नाही. प्रत्येकाच्या मताला फक्त धुतलेले कपडे घातले. धुलाईच्या कामात तुझी हयात गेली. हे तुला तरी समजावे.

अधिकाऱ्यांची शंका निराधार आहे. तसे सविस्तर पत्र मी त्यांना लिहावे, असे तुला वाटत असल्यास कळव.

तुझा,
मामा


२२ जानेवारी

मामा,

अधिकाऱ्यांना सविस्तर पत्र लिहू नका. आधी हे वाचा.

शिपाईकाकांना नोटीस आली. सरकारी कागद गहाळ केल्याबद्दल कारवाई का करू नये, असं लिहिलंय. घंटेच्या खोलीची गोष्ट कोणीतरी साहेबांना सांगितली. मी नाही सांगितली. तुम्ही बाईंना पण लिहिलं असणार.

परवा मी शाळेत गेले. बसने आलेल्या पुडक्याची पावती बाईंनी मला दाखवली. मामा, आमच्या धुलाईघरात चादरी मोजत नाहीत, वजन करतात. तीस किलो म्हणजे किती चादरी, ते मी डोळे मिटून सांगेन. त्या पावतीवर वजन आहे एक किलो शंभर. मी घरी येऊन विचार करत बसले. पोरगी म्हणाली, आई, बाईंकडे कोरे कागद उरलेत. आम्ही तीनशे बारा कागद मोजून घेतले आणि धुलाईघरातल्या काट्यावर ठेवले. दीड किलो आणि वर थोडं. नुसते कागद. वही सोडून.

आणि मला आठवलं. वर्गात आमचा निबंध पक्का लिहून झाला की तुम्ही कच्चा आमच्याच हाताने फाडायला लावायचात. चूक घरात ठेवायची नाही, म्हणायचात. मी एकदा लपवून ठेवला होता तर तो पण शोधून काढलात.

मी तुम्हाला काही विचारत नाहीये मामा. विचारणार पण नाही. मी फक्त एक गोष्ट सांगते. कार्यालयात एक कारकून आहे, माझ्याबरोबर शाळेत होता. त्याने नियम दाखवला. कागद सापडत नाहीत एवढंच शाळेने सांगितलं तर काही होत नाही, 'शोधा' म्हणतात. पण ज्याच्या ताब्यात कागद होते त्याने स्वतः लिहून दिलं की ते नष्ट झाले, तर कार्यालयाला लोकांकडून पुन्हा लिहून घ्यावंच लागतं. शाळेत, साहेबांच्या समोर. तीनशे बारा नाही, चारशे येतील, मी घरोघर जाईन. पण ते लिहून दिलेलं ३१च्या आत पोचलं पाहिजे.

दोन ओळी लागतात. खाली सही.

भिंगरी


२८ जानेवारी

मामा,

उत्तर नाही. इकडे पत्र दोन दिवसांत पोचतं, तिकडून पण दोन दिवसांत येतं. मी रोज टपालाची वाट बघते. टपालवाला आता लांबूनच मान हलवतो.

कोणी तुम्हाला हसणार नाही. मी हसू देणार नाही. दोनच ओळी. नाहीतर एका ओळीत लिहा.

पोरीने सोबत चिठ्ठी दिलीय. मी वाचली नाही. तिने वाचू दिली नाही.

भिंगरी

(सोबतची चिठ्ठी)

मामाआजोबा,

आईने सांगितलं म्हणून लिहीत नाहीये. मी फॉर्मवर काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे, कारण मी आधी वहीत लिहून बघितलं होतं. ते असं होतं.

मुलींच्या बाथरूमला आतून कडी नाही. एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. दुसरी नसली तर आम्ही घरी जाईपर्यंत थांबतो. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली हरवलीय म्हणून आम्ही भिंगं काचेतूनच बघतो. गणिताच्या बाई शाळा सुटल्यावर एक तास थांबतात आणि जे येईल त्याला शिकवतात, त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मला ही शाळा आवडत नाही. पण मला हीच पाहिजे, कारण दुसरी मला मिळणार नाही.

तुमच्या वहीतलं माझं वाक्य साहेबांनी वाचलं तेव्हा मैत्रिणींनी विचारलं, हे तू लिहिलंस? मी हो म्हणाले, कारण नाही म्हणाले असते तर तुमचं नाव निघालं असतं. पण मामाआजोबा, आता झाकणं मला लावायची आहेत, तुम्हाला नाही.


२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझी २२ आणि २८ तारखेची दोन्ही पत्रे मला काल, १ फेब्रुवारीला, एकदमच मिळाली. सूनबाईंनी ती वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली ठेवली होती, असे दिसते. घरात लहान मुले असली की असे होते. तोवर मुदत टळून गेली होती, याचे मला अतिशय वाईट वाटते.

वजनाविषयी तू जो तर्क केला आहेस, तो चुकीचा असू शकेल. बसच्या कचेरीतील काटे नेहमीच अचूक असतात असे नाही. कागद प्रवासात गहाळ झाले असण्याचीही शक्यता आहे. जे झाले त्याचा दोष कोणा एकावर ठेवणे उचित होणार नाही.

मुलीच्या शिक्षणाविषयी मी मुलाशी बोलून पाहीन. तिचे अक्षर वळणदार आहे.

तुझा,
मामा


६ फेब्रुवारी

मामा,

पत्र मिळालं.

शिपाईकाकांना १ तारखेपासून कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. काल ते घरी आले होते. म्हणाले, एक अर्ज लिहून दे, तू गुरुजींची भाची, तुझ्या हाताला वळण असेल. मी लिहायला बसले आणि म्हटलं, काका, खरं काय झालं ते लिहू का? तर म्हणाले, "गुरुजींचं नाव कुठे घालू नकोस. पुडकं मीच सोडलं होतं. वहीशिवाय आत काही नव्हतं ते मला तेव्हाच कळलं."

मी म्हटलं, मग कोठी कशाला उपसत बसलात आठ दिवस?

"बाई शोध म्हणाल्या, मी शोधलं."

बोलला का नाहीत?

तर म्हणाले, "एकवीस वर्षं त्यांनी माझे रजेचे अर्ज दुरुस्त केले. आता मी त्यांना कसं दुरुस्त करू?"

चहा पण न घेता गेले. जाताना पोरीला म्हणाले, मन लावून शिक. ती आत निघून गेली.

शाळा बंद करायच्या हुकुमावर २१ तारखेला सही होणार. त्याच्या आदल्या दिवशी, २०ला, शेवटची सुनावणी आहे. कारकून म्हणाला, साहेब अजून मुदत वाढवू शकतो, पण तो एकच गोष्ट विचारणार, उशीर कोणामुळे झाला? शाळेमुळे किंवा पालकांमुळे झाला असेल तर संपलं. दुसऱ्या कोणामुळे झाला असेल, आणि त्या माणसाने तारीखवार लिहून दिलं, तर विचार करता येतो. मी त्याला म्हटलं, असं लिहून देणारा माणूस कुठून आणायचा? तो खाली बघून फायली लावायला लागला. त्याला पण तुम्हीच शिकवलंय.

पोरगी १६ तारखेपासून कारखान्यात जाणार. बाबांनी मावसभावाला शब्द दिलाय. काल तिने दप्तर रिकामं केलं आणि त्यात डबा मावतो का ते बघितलं.

तुम्हाला आता काही सांगायचं उरलं नाही. तब्येतीला जपा.

भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझे पत्र काल मिळाले. कालच मिळाले, हे खरे आहे, तू पाकिटावरचा शिक्का पाहू शकली असतीस तर बरे झाले असते, कारण माझ्या तारखांवर आता तू विश्वास का ठेवावास?

तू मला काही विचारले नाहीस. त्यामुळे मला उत्तर टाळता आले. तू ओरडली असतीस, तर मी तुझ्या ओरडण्यातील चुका काढल्या असत्या आणि सुटलो असतो. शिपाई ओरडला असता तरी तेच केले असते. तुम्ही दोघांनीही मला तेवढी जागा दिली नाही.

मी ते कागद फाडले. सवयीने फाडले. पक्के झाले होते, म्हणून कच्चे फाडले, आणि फाडताना मला समाधान वाटले, हेही लिहितो. तीनशे बारा माणसांच्या हातचे कागद होते. त्यांतील काहींनी आयुष्यात पहिल्यांदाच कोणा सरकारी माणसाला काही लिहिले असेल. मला त्यांत चुकांखेरीज काही दिसले नाही. तुझ्या मुलीचा कागद फाडताना मी तो पुन्हा वाचलाही नाही.

त्यानंतर जे केले, ते सवयीने केले नाही. ते भीतीने केले. चाळीस वर्षे ज्या गावात कोणाचा अर्ज, कोणाची लग्नपत्रिका, कोणाची तक्रार माझ्या हाताखालून गेल्यावाचून पुढे गेली नाही, त्या गावाने एका सभेत माझ्या वाक्यांना हसावे, आणि वर मी पुरावा नष्ट केला म्हणावे, हे मला सोसवेना. म्हणून मी शिपायाच्या अंगावर ढकलले. दोन दिवस शोधाव्या लागलेल्या उत्तरपत्रिकांची जी गोष्ट मी तुला आणि बाईंना लिहिली, ती अठरा वर्षांपूर्वीची आहे, आणि त्या उत्तरपत्रिका घंटेच्या खोलीत ठेवण्यास त्याला मीच सांगितले होते आणि नंतर मीच विसरलो होतो. छप्पर गळत होते म्हणून. ते मी लिहिले नाही.

मुलीची चिठ्ठी आल्यापासून माझ्याजवळच आहे. लाल शाईचे पेन हातात घेऊन मी ती वाचायला बसलो होतो. कोठे लावावे ते सापडले नाही. शेवटचे वाक्य वाचून मी पेनाचे टोपण लावले. सूनबाईंनी दोनदा जेवायला बोलावले, ते मला ऐकू आले होते.

खालील तारखा तू कार्यालयात दे. त्यांची एक प्रत, सही करून, मी आज अधिकाऱ्यांना नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे. दुसरी बाईंना आणि तिसरी शिपायाला. शिपायाच्या प्रतीबरोबर स्वतंत्र पत्र आहे. ते त्याला तू वाचून दाखवू नकोस, तो स्वतः वाचेल. भाषा जशी आली तशी ठेवली आहे. पुन्हा वाचले असते तर पाठवले गेले नसते.

आधीच्या पत्रांत ज्या तारखा चुकीच्या दिल्या गेल्या, त्यांची दुरुस्ती:

९ डिसेंबर. मूळ अभिप्रायांचा गठ्ठा मला मिळाला. ३१२ कागद. मोजून घेतले होते.

२४ डिसेंबर. वही पूर्ण झाली. त्याच दुपारी मूळ कागद मी स्वतः फाडले, प्रत्येकाचे चार तुकडे. कोणी सांगितले नव्हते.

२६ डिसेंबर. पुडके बसने पाठवले. आत केवळ वही होती. पावतीवरील वजन बरोबर आहे, बसच्या कचेरीचा काटाही बरोबर आहे.

२७ डिसेंबर. तुकडे रद्दीत गेले.

४ जानेवारी. शाळेतील सभा. ३ नव्हे. बाईंनी ३ तारखेला लिहिले होते ते सभेचे निमंत्रण होते. मी नीट वाचले नाही.

९ जानेवारी. 'मूळ कागद परत पाठवले' असे मी तुला लिहिले. खोटे.

१० जानेवारी. मी रद्दीच्या वखारीत गेलो. माल २९ डिसेंबरलाच लगद्याच्या कारखान्यात रवाना झाला होता, असे वखारवाल्याने वही पाहून सांगितले. म्हणजे या दिवसापासून कागद परत मिळणार नाहीत, हे मला निश्चित माहीत होते.

१७ जानेवारी. 'मूळ कागद तळाशी होते' असे लिहिले. खोटे. त्याच दिवशी बाईंना शिपायाविषयी लिहिले. शिपायाला आलेली नोटीस त्या पत्रामुळे आली.

२४ जानेवारी. तुझे २२ तारखेचे पत्र दुपारी दोनच्या सुमारास मिळाले. १ फेब्रुवारीला नव्हे. सूनबाईंनी ते माझ्या हातात दिले. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याशी त्यांचा किंवा मुलांचा काही संबंध नाही. त्या दिवशी उत्तर टाकले असते, तर २६ची सुटी धरूनही ते २७ला पोहोचले असते.

२५ ते २९ जानेवारी. त्या दोन ओळींचे सात मसुदे केले. सातही फाडले.

३० जानेवारी. तुझे २८ तारखेचे पत्र आणि मुलीची चिठ्ठी मिळाली. टपालाने आता काही पोहोचणार नव्हते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बसने मी स्वतः दुपारपर्यंत कार्यालयात येऊ शकत होतो.

३१ जानेवारी. बसथांब्यापर्यंत गेलो. बस आली. जागा होती. मी परत आलो. त्याच दिवशी मुदत संपली. या विलंबात शाळेचा वाटा: एकही दिवस नाही. पालकांचा: एकही नाही. शिपायाचा: एकही नाही. माझा: २४ डिसेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंत, अडतीस दिवस.

२० फेब्रुवारी. सुनावणी. मी आदल्या दिवशीच येत आहे. विचारतील ते सांगेन. साहेबांना मोठ्याने बोलावे लागेल, एवढे कारकुनाला सांगून ठेव.

१६ फेब्रुवारी. या दिवसापासून मुलगी कारखान्यात जाणार, असे तू लिहितेस. ही एकच चुकीची तारीख अशी आहे जी अजून झालेली नाही, आणि ती मला दुरुस्त करता येत नाही. ती तुझ्या आणि जावयांच्या हाती आहे. मला तुझ्याजवळ काही मागण्याचे तोंड उरलेले नाही. तरी मागतो. १६ नव्हे. २० झाल्यावर. चार दिवस, भिंगरी. चारच दिवस तिला घरी ठेव.

मामा